तोफेमागची जागा

फळ्यावर उत्तर लिहून मी त्याखाली दोन रेघा ओढल्या. बंदूक चार किलोची, गोळी दहा ग्रॅमची, गोळीचा वेग सेकंदाला आठशे मीटर. म्हणून बंदूक मागे येते ती सेकंदाला दोन मीटर वेगाने. अकरावीची मुलं उतरवून घेत होती. पोलादपूरच्या त्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते आणि हे गणित मला झोपेतही येत होतं. मागच्या दाराशी खाकी कपड्यातला एक उंच माणूस व्हर्नियर कॅलिपरच्या पेट्या छातीशी धरून उभा होता. उजवा कान माझ्याकडे करून, मान थोडी वाकडी करून तो ऐकत होता. तास संपेपर्यंत तो हलला नाही.

मुलं बाहेर पडल्यावर तो आत आला. "मॅडम, एक इचारू का?"

"विचारा ना."

"उत्तर बरोबर हाय. पण ही बंदूक धरलीय कुणी?"

मला प्रश्न कळला नाही. त्याने पेट्या टेबलावर ठेवल्या. "दोरीनं हवेत लटकवली असंल तर दोन मीटर. माणसानं खांद्याला लावली असंल तर एवढ्या जोरात नाय येणार."

मी महाडची, एम.एस्सी. झालेली, आणि समोर प्रयोगशाळेचे परिचर. मी जरा तुटकपणेच म्हणाले, "पुस्तकात असंच दिलंय."

"पुस्तकाचं बरोबरच हाय," ते शांतपणे म्हणाले. "पुस्तकाला खांदा नसतो."

कोपऱ्यात जाळी काढायची लांब काठी होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि बंदुकीसारखी धरायला सांगितली. पण खांद्यापासून चार बोटं लांब. काठीच्या दुसऱ्या टोकावर त्यांनी तळहाताने एक टोला दिला. काठी मागे आली आणि माझ्या खांद्यावर आदळली. चांगलंच लागलं. मग म्हणाले, "आता खांद्यात घट्ट दाबून धरा, गाल लावा." पुन्हा तेवढाच टोला. या वेळी मी काठीसकट अर्धं पाऊल मागे गेले, पण लागलं काहीच नाही.

"पयल्या वेळी तिनं मारलं. आता ढकललं," ते म्हणाले. "घट्ट धरली की ती चार किलोची राहत नाय, मॅडम. तिच्यात आपलं अंग पण आलं. मग सगळं मिळून मागं जातं, हळू."

मी पुढच्या तासाला तेच गणित पुन्हा घेतलं, काठीसकट. गमरे काकांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

काशिनाथ गमरे हे आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका वाडीतले. वीस-बावीस वर्षं तोफखान्यात काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि शाळेत परिचर म्हणून लागले. डावा कान तोफांनी नेला होता. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे जाऊन उभं राहायचं, हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी जुनी मुलं सांगून ठेवायची. घरी पत्नी सुनंदाकाकू, दोन मुली. दोघी लग्न होऊन मुंबईला. दारात शिरताच समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली काकांचा पलटणीतला फोटो. फोटोत तोफेभोवती सहा जण उभे होते. तोफेला टेकून उभे असलेले काका सगळ्यांत रुबाबदार दिसायचे.

प्रयोगशाळेत त्यांच्या काही सवयी होत्या. स्प्रिंग ताणण्याआधी, गॅस पेटवण्याआधी, अगदी टेबल सरकवण्याआधीही ते थांबायचे, मान पूर्ण वळवून मागे बघायचे आणि मग म्हणायचे, "मागं मोकळं." मुलं त्यांची नक्कल करायची. डबा उघडतानासुद्धा कोणीतरी वळून "मागं मोकळं" म्हणायचं आणि वर्ग हसायचा. काका रागवत नसत. "हसा, पण बघा," एवढंच म्हणत.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा त्यांनी जुन्या बेअरिंगवर चालणारी एक लाकडी गाडी बनवली. शाळा उघडल्यावर व्हरांड्यात ती ठेवली, तिच्यावर सायली नावाच्या किडकिडीत मुलीला बसवलं आणि तिच्या मांडीवर वाळूची पिशवी दिली. "पुढं फेक. जोरात." सायलीने पिशवी फेकली आणि ती स्वतः गाडीसकट मागे सरकत गेली. सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. मग काकांनी वर्गातल्या सगळ्यांत जाड मुलाला बसवलं. तेवढीच पिशवी, तेवढाच जोर. गाडी जेमतेम हातभर हलली. नंतर पिशवी फेकायची नाही, फक्त फेकल्यासारखं करून घट्ट धरून ठेवायची. गाडी जरा मागे गेली आणि पिशवी परत छातीशी ओढली तशी जिथल्या तिथे आली. मी खडूने फरशीवर खुणा करत होते, मुलं मोजत होती. संवेगाची अक्षय्यता हा शब्द मी त्यानंतर उच्चारला. आमच्या शाळेत तो शब्द कोणी पाठ केला नाही, कारण प्रत्येकाने तो गाडीवर बसून अनुभवला होता.

वाडीतल्या एका शेतकऱ्याकडे रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. एकदा तो खांदा सुजवून काकांकडे आला. त्याने डुक्कर मोठं आहे म्हणून दारू दुप्पट ठासली होती आणि दस्ता दंडावर टेकवून बार काढला होता. काकांनी हळद लावायला सांगितली आणि त्याला समजावलं, "अरे, गोळीला जेवढा जोर दिलास तेवढाच तुला पण मिळाला. दारू दुप्पट केलीस, तर डुकराबरोबर स्वतःला पण मारलंस." डुक्कर निसटलं होतं, हे तो शेतकरी नंतर खाली मान घालून म्हणाला.

हा किस्सा मला इतका आवडला की मी वर्गात त्याला उपदेशाची फोडणी दिली. जगात आपण जे देतो तेच आपल्याकडे परत येतं, असं काहीतरी मी बोलले. तास संपल्यावर काकांनी मला थांबवलं.

"मॅडम, तसं नका सांगू पोरांना. तोफेला पाप-पुण्य नसतं. मागं जो उभा असतो त्याला लागतं. त्यानं काय केलेलं असतं, नसतं, तोफेला काय ठाऊक?"

ते एरवी माझ्याशी इतकं ठासून बोलत नसत. वर्गात एकदा कोणीतरी त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्ही किती जणांना मारलंत?" तेव्हाही ते असेच ठासून बोलले होते. म्हणाले होते, "आमचा गोळा डोंगरापलीकडं पडायचा. आम्हाला कधी दिसलं नाय. तोफखान्यातल्या माणसाला पुढचं दिसत नाय. त्याला मागचं तरी दिसलं पायजे."

दरवर्षी दिवाळीच्या आधी ते दोन दिवसांची रजा घ्यायचे. महाबळेश्वर ओलांडून मेढ्याच्या बाजूला त्यांचा एक पलटणीतला मित्र राहत होता, त्याच्याकडे जायचे. मी नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी आंबेनळी घाटात दरड आली आणि एसटी बंद झाली. फक्त लहान गाड्या सोडत होते. माझं सासर साताऱ्याचं, मी दिवाळीसाठी गाडी घेऊन निघणारच होते. मी काकांना म्हटलं, चला, वाटेत सोडते.

मित्राचं नाव सर्जेराव. घर गावाच्या वरच्या अंगाला होतं, दारात भाताच्या पेंढ्या रचलेल्या. गाडीचा आवाज ऐकून ते बाहेर आले तेव्हा मला दिसलं की त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही कोपराच्या वरून दुमडून टाचणीने लावलेली होती. काका म्हणाले, "जय भीम." सर्जेराव म्हणाले, "राम राम, उस्ताद." आणि मग दोघे एकदमच "जय हिंद" म्हणून हसले. हे त्यांचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं असावं.

सर्जेरावांच्या पत्नी हौसाबाईंनी चहा आणला. बाई कष्टाने वाळलेली, पण ताठ. एक हात नसलेल्या नवऱ्याबरोबर सगळी शेती तिनेच ओढली होती, हे तिच्या तळव्यांवरून कळत होतं. सर्जेरावांकडून डाव्या हाताने कप उचलताना थोडा चहा बशीत सांडला. ती सवयीने बोलून गेली, "दोन हात हुतं तवा जपलं न्हाईत. तोफंच्या मागं वाकायला काय मोती सांडलं हुतं, देवाला ठावं." सर्जेरावांनी नुसतं हसून घेतलं. बाई गुरांना पाणी दाखवायला गोठ्याकडे गेली.

मी भौतिकशास्त्राची शिक्षिका, मला राहवलं नाही. मी सर्जेरावांना विचारलं, "तोफ किती मागे येते हो?"

ते खुलले. डाव्या हाताने पेंढीतली काडी घेऊन त्यांनी जमिनीवर तोफ काढली. "नळी मागं येती आपल्या वावभर, मानसानं दोन हात पसरावं तेवढी. पर तिच्या खाली तेलाचा दट्ट्या असतो, त्यो तिला हळूहळू थांबवतो आन परत म्होरं नेतो. आन ही मागची शेपटी. तिच्या टोकाला नांगरासारखा फाळ. त्यो जमिनीत रुतून बसला की तोफ जाग्यावं. पर पयले दोन-तीन गोळे जाईस्तवर फाळ बसलेला नसतो. जमीन वली असली तर अख्खी तोफच मागं सरकती. आमची सरकली. मी खाली पडलेली टोपी उचलाय वाकलो हुतो. मागं खडक हुता. शेपटी आन खडक, मधी हात."

त्यांनी काडी टाकून दिली. त्यांच्या आवाजात कोणाबद्दल तक्रार नव्हती.

मी अगदी सहज विचारलं, "पण गोळा सोडण्याआधी मागे कोणी आहे का हे बघत नाहीत?"

काकांनी कप खाली ठेवला.

"बघतात," ते म्हणाले. "बघायचं काम नंबर एकचं. तोफेचा नंबर एक म्हणजे हवालदार. म्हणजे मी."

"उस्ताद, जाऊ द्या," सर्जेराव म्हणाले.

"नाय, बोलू दे. मॅडम हायत ते बरंच हाय." काका माझ्याकडे बघत नव्हते. "त्या दिवशी मोठे साहेब बघायला आले होते. चार तोफा. पयला बार कुणाचा, यावर पैज लागल्यासारखं झालेलं. हुकूम आला, मी तयार बोललो आणि हात खाली केला. मागं बघितलं नाय. चौकशीत साहेबानं इचारलं, हवालदार, मागं बघितलं होतंस? मी बोललो, जी साब, मोकळं होतं. सर्जा, मी खोटं बोललो. दरवर्षी इथं सांगायला येतो आणि तुझ्याकडं जेवून जातो."

सर्जेरावांनी रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मला ठावं हाय की."

"काय ठाऊक हाय?"

"मी मागंच हुतो न्हवं? तुमची पाठ माझ्याम्होरं हुती. मान वळली न्हाई, त्ये मला दिसलं. वरडायला तोंड उघडलं, तंवर बार झाला."

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दवाखान्यात जबाब घ्यायला आलेल्या अधिकाऱ्याला सर्जेरावांनी सांगितलं होतं की उस्तादांनी बघितलं, मी नंतर वाकलो, चूक माझी. कागदावर तोच शेरा लागला: जवानाचा निष्काळजीपणा. गावातही तेच पसरलं. सुट्टीवर आलेल्या दुसऱ्या एका फौजीने सांगितलं आणि लोक सर्जेरावांना चेष्टेने 'टोपीवाला' म्हणू लागले.

"मग तू तसं का सांगितलंस रे?" काकांनी विचारलं.

"हात तर गेलाच हुता. तुमचा हुद्दा गेला असता, कोर्टमार्शल झालं असतं. तुमच्या पोरी ल्हान हुत्या. दोन घरं कशाला बुडवायची?" सर्जेराव उठले. "चला, जेवाय चला. ह्ये तिला काय सांगू नका."

मी त्या दिवशी साताऱ्याला उशिरा पोहोचले. एसटी अजून बंदच असल्याने काका तिथेच थांबले होते; चौथ्या दिवशी परतताना त्यांना वाटेतून घेतलं. महाबळेश्वर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मॅडम, इंग्लिशमध्ये एक अर्ज लिहून द्याल?"

तो अर्ज आम्ही प्रयोगशाळेत बसून तीनदा लिहिला. काकांच्या जुन्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पाठवायचा होता. मी जपून शब्द वापरत होते. मी लिहिलं, की माझ्याकडून कदाचित मागे पाहणं राहून गेलं असावं. त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाले, "'कदाचित' काढा. 'असावं' पण काढा." सुनंदाकाकू डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पेन्शन बंद केली तर? वर खटला भरला तर? त्यानं माफ केलंय ना तुम्हाला?"

"त्यानं केलंय गो," काका म्हणाले. "पण कागदावर त्याचंच नाव लागलंय."

अर्ज पोस्टात टाकायला काकू काकांबरोबर गेल्या, हे मला पोस्टातल्या माणसाने सांगितलं.

उत्तर यायला पावसाळा उलटून गेला. चार ओळींचं पत्र होतं. इतक्या जुन्या चौकशीचे कागद नियमानुसार नष्ट करण्यात आले आहेत, त्यामुळे कोणतीही दुरुस्ती शक्य नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला. मला वाटलं, प्रकरण मिटलं. काकांनी त्यांच्याकडून करायचं ते केलं. काकांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "म्हंजे कागद गेला. शेरा फक्त माणसांच्या तोंडात उरलाय. तिथंच जाऊन काढायला लागंल."

सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेचं झेंडावंदन सकाळी लवकर असायचं. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना सूट दिली. काकांनी पलटणीचा कोट घातला होता, छातीवर पदकं होती. सुनंदाकाकू मागच्या सीटवर बसल्या. सर्जेरावांच्या गावात प्राथमिक शाळेच्या पटांगणात झेंडा फडकला, मुलांनी कवायत केली आणि सरपंचांनी दोन शब्द बोलायला पाहुण्या हवालदारांना बोलावलं. दरवर्षी येणारा सर्जेरावांचा मित्र म्हणून गाव त्यांना ओळखत होतं. सर्जेराव पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. त्यांना काय होणार याची कल्पना नव्हती. हौसाबाई बायकांच्या घोळक्यात, नातवाला कडेवर घेऊन.

काकांनी भाषणाची सुरुवात वगैरे काही केली नाही. मुलांना तोफ म्हणजे काय, ती मागे का येते, फाळ म्हणजे काय, हे आमच्या वर्गात सांगत तसंच सांगितलं. मुलं गुंग होऊन ऐकत होती. मग त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "गोळा सोडायच्या आधी मागं बघणं हे माझं काम होतं. मी बघितलं नाय. घाई होती, पयला नंबर पायजे होता. त्यात तुमच्या गावच्या सर्जेरावांचा हात गेला. चूक त्यांची नव्हती. तोफेजवळ त्यांनी एकही गोष्ट चुकीची केली नाय. मी साहेबासमोर खोटं बोललो आणि मला वाचवायला ते पण खोटं बोलले. तुम्ही त्यांना ज्या नावानं हसता, त्या नावावर माझा हक्क हाय. हसायचं तर मला हसा."

सर्जेराव उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "उस्ताद, खाली बसा," ते कडक आवाजात म्हणाले. पलटणीत ज्याने काकांचे हुकूम ऐकले होते, तो माणूस हुकूम देत होता. काका सॅल्यूट करून खाली बसले.

मग मी हौसाबाईंकडे बघितलं. त्या नातवाला शेजारणीच्या हातात देऊन पटांगणातून चालत निघाल्या होत्या. मागे वळून बघितलं नाही.

आम्ही सर्जेरावांच्या घरी गेलो. हौसाबाईंनी सगळ्यांची पानं वाढली, भाकरी गरम होत्या, पिठल्याला लसणीची फोडणी होती. पण त्यांनी काकांशी एक शब्द काढला नाही आणि दरवर्षी दोन भाकरी आग्रहाने जास्त वाढणारा तो हात त्या दिवशी एकदाच फिरला. सुनंदाकाकू त्यांच्या मागे चुलीपाशी गेल्या, तर म्हणाल्या, "तुमी बसा भाईर." निघताना त्या दारातही आल्या नाहीत.

परतताना घाटात चहाला थांबलो. काकू रडत होत्या. मी काकांना म्हटलं, "तुम्ही चांगलं केलंत. त्यांना कळेल."

"नाय कळलं तरी चालंल," काका म्हणाले. "तिनं वीस वरसं नांगर धरलाय, मॅडम. तिला राग यायलाच पायजे. मी ते तिनं चांगलं म्हणावं म्हणून नव्हतं सांगितलं." त्यांनी चहा संपवला, कप स्वतः धुऊन टपरीवाल्याच्या फळीवर ठेवला. "मला जरा हलकं वाटतंय. ते वाटणं बरोबर का चूक, ते मला कळत नाय."

त्यानंतर काका त्या गावाला गेले नाहीत. हौसाबाईंच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण त्या वर्षी दिवाळीच्या आधी दुपारच्या एसटीने सर्जेरावच पोलादपूरला उतरले. दुसऱ्या वर्षीही आले. त्यांच्या तुटलेल्या हाताच्या टोकाला थंडीत ठणका लागायचा, म्हणून काका त्यांना महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन जायचे. मी एकदा महाडहून त्यांना आणायला गेले होते. दोघे काठावर पाय सोडून बसले होते. काका एका पितळी तांब्याने मित्राच्या खांद्यावर सावकाश पाणी ओतत होते आणि सर्जेराव डोळे मिटून म्हणत होते, "उस्ताद, जरा डावीकडं. तितं न्हाई, वर." मी गाडीतच बसून राहिले. मला त्यांना घाई करावीशी वाटली नाही.

शाळेत काकांनी मुलांपासूनही काही लपवलं नाही. अकरावीचा संवेगाचा धडा आला की मी गणित घ्यायची आणि मग काका पुढे येऊन सर्जेरावांचा हात कसा गेला ते सांगायचे, स्वतःच्या नावासकट. पहिल्यांदा त्यांनी ते सांगितलं तेव्हा वर्गातली मुलं त्यांच्याकडे बघू शकत नव्हती. सायली तेव्हा बारावीत होती. ती शेजारच्या वर्गातून येऊन दारात उभी होती. तिने विचारलं, "काका, तुम्हाला हे सांगायला लाज नाही वाटत?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. काका म्हणाले, "वाटते ना. पण आता सांगताना वाटते. आधी झोपताना वाटायची."

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी प्रयोगशाळेची दारं उघडून, काचपात्रं पुसून ते बाकावर बसले आणि उठलेच नाहीत. निवृत्तीला चार महिने राहिले होते. महाडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. अंत्ययात्रेला अख्खी शाळा होती. सर्जेरावांना कळवलं होतं, पण घाट बंद होता; ते वेळेवर पोहोचू शकले नाहीत.

पाचव्या दिवशी मी सुनंदाकाकूंकडे गेले, तेव्हा ओटीवर सर्जेराव बसलेले दिसले. आत काकूंच्या शेजारी हौसाबाई होत्या. काकूंना त्या येतील असं वाटलं नव्हतं. काकू थोड्या अवघडून बसल्या होत्या. काकूंच्या मोठ्या मुलीने चहा आणला. हौसाबाईंनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"वैनी," त्या म्हणाल्या, "तुमच्या मालकांवर मी लई रागावले हुते. चारचौघांत सांगितलं म्हनून न्हाई. मला माझ्या घरात कुनी सांगितलं न्हाई म्हनून."

काकूंनी मान हलवली.

"त्या दिवशी तुमी गेल्यावर मी ह्यांना म्हनलं, वीस वर्सं मी तुमाला बोल लावला, तुमी गप ऱ्हायलात. का? तर म्हनलं, तुला बोलून तरी हलकं वाटायचं. तवा मी लई रडले. ह्येबी रडलं. लगीन झाल्यापासनं आमी दोघं येवढं कंदी बोललो न्हवतो. त्या दिसापास्नं घरात मानूस आल्यासारकं झालं." त्यांनी कप खाली ठेवला. "ह्ये तुमच्या मालकांला सांगायचं मनात हुतं. दर दिवाळीला ह्ये निघालं की म्हनायची, म्होरच्या साली मी येती. आन ऱ्हाऊन गेलं."

सुनंदाकाकूंनी हौसाबाईंचा खरखरीत हात आपल्या हातात घेतला.

"मला सांगितलंस ना गो," त्या म्हणाल्या. "पोचलं."

हौसाबाई चार दिवस राहिल्या. पाहुण्यांसाठी भाकऱ्या त्यांनीच थापल्या.